"घरी न्या" म्हणजे हात वर करणंच का?

दिघ्याची मावशी:
काल इथे कुणीतरी लिहिलं, "गरिबाच्या पोराला घरी न्या सांगायचं आणि त्याला पॅलिएटिव्ह केअर असं गोंडस नाव द्यायचं. पैसेवाल्याला आयसीयू, झोपडीवाल्याला गोधडी." पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करायची काळजी. त्यावर 'अगदी बरोबर'ची रांग. रात्रभर डोकं फिरलं म्हणून लिहितेय.
माझ्या बहिणीचा मुलगा, नऊ वर्षांचा, हाडाचा कॅन्सर. इलठणपाड्यात दहा बाय बाराची खोली. तेव्हा दिघा गाव स्टेशन झालं नव्हतं. रिक्षाने ऐरोली, तिथून ठाणे, मग परळ. ठाण्याचा जिना बहीण त्याला पाठकुळी घेऊन चढायची. शेवटचे अडीच महिने नर्स घरी आली. पोरगं दारात गोधडीवर पडून गल्लीतल्या क्रिकेटची अंपायरिंग करायचं. चक्क पार्शालिटी करायचं. वॉर्डात कुठलं क्रिकेट?

कळवेकर:
ते मीच लिहिलं होतं, आणि अजून तेच म्हणतो. तुमच्याकडे नर्स आली, नशीब तुमचं. माझ्या पुतणीला फाइल हातात देऊन सोडलं. कागदावर एक नंबर, तो लागेना. रात्री दोन वाजता पोरगी कण्हतेय आणि माझ्या हातात तापाच्या औषधाची बाटली. तिसऱ्या दिवशी गेली. हिला केअर म्हणायचं?

वागळेचा केमिस्ट:
काका, वाईट वाटलं. पण ही चूक घराची नाही, मॉर्फिन न दिल्याची आहे. अफूपासून बनणारं, जबर दुखण्यावरचं औषध ते. गोळी काही महाग नाही. साध्या मेडिकलवाल्याकडे मात्र मिळत नाही. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याने रुग्णालयांनाही इतके परवाने लावले की ठेवायचा उत्साहच संपला. २०१४च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. तरी मागवत नाहीत.

स्पष्टवक्ता ठाणे:
वा! लहान पोरांना गर्द पाजा आता. गुंगीत ठेवलं की रडणं बंद, नातेवाईक खूश.

वागळेचा केमिस्ट:
गर्द म्हणजे नशेची हेरॉइन, ती वेगळी, ही औषधाची गोळी वेगळी. डोस वजनावर ठरतो आणि बेताबेताने वाढवतात. पहिले दोन-तीन दिवस झोप येते, मग पोर उठून खेळायला मागतं. खरा त्रास बद्धकोष्ठाचा, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध देतात. मुलांसाठी तर डब्ल्यूएचओने २०१२ मध्ये मधली पायरीच, म्हणजे कोडीनसारखी मध्यम औषधं, काढली: साध्या औषधाने भागलं नाही की थेट मॉर्फिनसारखं औषध.

स्पष्टवक्ता ठाणे:
डब्ल्यूएचओ माझ्या घरी आलं नव्हतं. माझ्या आईला दिली होती ही गोळी, चार दिवसांत गेली.

वागळेचा केमिस्ट:
गोळीने गेल्या की आजाराने? गोळी द्यायलाच उशीर झाला असेल, असं नाही वाटत?

स्पष्टवक्ता ठाणे:
माझ्या आईवर बोलायचं काम नाही. काउंटरमागे बसून डॉक्टरकी करू नका.

मुंब्र्याची आशा:
तुमचं मॉर्फिन झालं असेल तर आमच्याकडे बघा. लसीकरण आम्ही, गरोदर बायका आम्ही, सर्व्हे आम्ही, आणि आता मरणाऱ्या पोराच्या घरीही आशाच जाणार. मानधन कधी येतं ते विचारू नका. तरी मी जाते. एका घरी सेरेब्रल पाल्सीची मुलगी आहे, मेंदूच्या इजेमुळे हालचाल ताब्यात नाही; कॅन्सर नाही, वर्षानुवर्षांचं दुखणं. घास भरवताना ठसका लागू नये म्हणून तिला कसं धरायचं, हे दाखवायला तिच्या आईकडे आजवर कुणी फिरकलं नव्हतं. मरायला टेकल्यावरच हे लागतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?

येऊरचा रहिवासी:
तेच तर. जव्हारला, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं, २०१०च्या सुमारास सरकारी रुग्णालयात मुलांसाठी हे काम सुरू झालं होतं. आदिवासी पाड्यांवर जमतं, मग आपल्याला फक्त टॉवर बांधायला जमतात का?

कळवेकर:
सुरू झालं, ठीक. पाटी लावायला काय लागतं? मला रात्री दोनला फोन उचलणारा दाखवा.

दिघ्याची मावशी:
आमचा उचलायचे. एकदा साडेतीनला उचलला. नर्सबाईंनी फोनवरूनच सांगितलं, दोन डोसांच्या मधेच दुखणं उसळलं तर जादा डोस कसा द्यायचा. बहिणीचा हात थरथरत होता, मी बॅटरी धरून बसले.

कळवेकर:
मग 'गोंडस नाव' एवढे शब्द मागे. बाकी एक अक्षर नाही. तुमच्याकडे घर आणि फोन दोन्ही होतं, आमच्याकडे नुसतं घर.

स्पष्टवक्ता ठाणे:
अभिनंदन सगळ्यांचं. माझ्या आईच्या गोळ्यांची अर्धी पट्टी अजून कपाटात आहे. तिचं काय करायचं, तेवढं सांगा केमिस्टसाहेब.

वागळेचा केमिस्ट:
जिथून आणली तिथेच परत द्या. कचऱ्यात टाकू नका. आणि मघाचं आईवरचं बोलणं, चुकलं माझं.