भंडारा पांढरा दिसतोय! जेजुरीचे फोटो कृष्णधवल करू की नको?

नीराकाठ: सोमवती अमावस्येला जेजुरीला गेले होते. फोटो हौसेने कृष्णधवल केले. दीपमाळा, चेहरे सुरेख आलेत, पण भंडारा उधळतानाचा प्रत्येक फोटो पिठाच्या गिरणीतला वाटतोय. वारीचे असेच केले होते, ते सगळ्यांना आवडले. इथेच काय बिनसलं?

हायपोकाका: काही बिनसलं नाही. पिवळा फक्त निळा प्रकाश अडवतो, लाल-हिरवा दोन्ही परत पाठवतो. त्यामुळे करड्या छटांत तो पांढऱ्याला खेटूनच बसणार. वारीत पताका सोडल्या तर मुळात रंग कमी. पांढरी धोतरं, टोप्या, काळा बुक्का, उन्हाने रापलेली कातडी. आणि कृष्णधवलाची खरी मजा कातडीतच आहे हो! आमच्या स्टुडिओत उटीच्या कारखान्याचा 'इंदू' फोटोपेपर असायचा. सुरकुत्या नीट याव्यात म्हणून प्रिंट जरा गडद काढली, की गिऱ्हाईक म्हणणार, "गोरं करून द्या." द्यायचो, काय करणार!
तुम्ही एडिटिंगमध्ये पिवळ्याचा स्लायडर थोडा खाली ओढा. फार नको, चेहरेही काळवंडतील.

कातळ: काका, रंग गेल्याने एवढं अडतं? छायापत्रकार होमाई व्यारावालांनी १९४७ साली लाल किल्ल्यावरचा तिरंगा कृष्णधवलच टिपला. कुणाला रंगाची उणीव भासते?

हायपोकाका: झेंड्याला आकार आहे, पट्टे आहेत, मधलं चक्र आहे. रंग गेला तरी तो झेंडाच. उधळलेल्या भंडाऱ्याला आकार कुठला? पिवळा काढला की उरते धूळ.

नीराकाठ: पटलं. मग आजीच्या लग्नाच्या फोटोत कुंकू काळंकुट्ट का? लाल तर करडा यायला हवा ना?

हायपोकाका: बऱ्याच जुन्या फिल्मला लाल दिसतच नसे, म्हणून लाल ते काळं. पेपरचंही तेच, म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा चाले. नंतरच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग दिसायला लागले. तिच्यावर लाल फिल्टर लावून बघा, कुंकू जवळजवळ पुसलं जातं.

कातळ: @नीराकाठ, पुढच्या वेळी रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची, मूळ फाइल) काढा आणि कॅमेऱ्याचा डिस्प्ले मोनोक्रोमवर ठेवा. जागेवरच कळतं, रंग मात्र फाइलमध्ये शाबूत राहतात.

नीराकाठ: रॉ आहेत, वाचले! उधळणीचे सगळे रंगीतच ठेवते. कऱ्हा नदीवर पालखी नेणाऱ्या खांदेकऱ्यांचा एक आहे, तो?

हायपोकाका: खांद्यांवर ऊन तिरपं पडलंय का? मग तो कृष्णधवलच करा. आणि गोरं करू नका.