जुन्या थंड व्हेंडिंग मशीनचे सांधे: सिलिकॉन, पॉलियुरेथेन की ब्युटाइल?

सांधेजोड (धागाकर्ता)

जुनं थंड पेयांचं मशीन उघडलं की आतल्या पत्र्याच्या सांध्यांवर डांबरासारखी काळी लुकण दिसते, वाळून तडकलेली. सगळीकडे एकच सल्ला मिळतो: खरवडा आणि सिलिकॉन (नळीतून भरायचं रबरी सीलंट) भरा. माझा याला ठाम विरोध आहे.

सिलिकॉनवर रंग बसत नाही. घासताना त्याचा अंश शेजारच्या पत्र्यावर गेला, तर तिथेही रंग मागे सरतो आणि गोल खड्डे पडतात. नंतर दुरुस्ती करायची झाली तर जुन्या सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही. सुकताना व्हिनेगरचा वास येणाऱ्या प्रकारातून तर ॲसिटिक आम्ल सुटतं. ते गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं जस्त खातं आणि बंद कपाटात थंडावा देणाऱ्या कॉइलच्या तांब्यालाही सोडत नाही.

माझं मत: आतबाहेर पॉलियुरेथेन, हेही नळीतूनच भरायचं सीलंट. पकड घट्ट, वरून रंगही चालतो.

शीतकपाट

असहमत. आम्लाचा मुद्दा बरोबर आहे, पण तो एकाच प्रकाराला लागू होतो. नळीवर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं सिलिकॉन ॲसिटिक आम्ल सोडत नाही. रंगाचं म्हणाल, तर क्रम बदला: आधी गंज काढा, मग प्रायमर, रंग, तो पूर्ण वाळल्यावरच सांधा.

आतल्या बाजूला पॉलियुरेथेन मला नको वाटतं ते त्याच्या पकडीमुळेच. पुढे कधी तळाचा पत्रा उचलायची वेळ आली, तर पात्याने कापताना मूळचा एनॅमल टवका धरून निघतो. सिलिकॉनची पट्टी सोलून निघते.

खरी चूक पत्रा पुसण्यात होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलं केलेलं फडकं फिरवायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. आपोआप उडू दिलं तर तेलकटपणा परत तिथेच बसतो. फट ६ मिमी रुंद असेल तर सिलिकॉनची खोली ३ मिमी पुरे. मागे बंद पेशींच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमचा दोर दाबा. तो नसेल तर सिलिकॉन तळालाही चिकटतं, आणि थंड-गरम होताना पत्रा हलला की पट्टी मधोमध फाटते.

पत्रेकाम

दोघेही नळीवर भांडताय, पण वाफ कुठून कुठे जाते हे कोणीच बघत नाही.

बाहेर २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, साधारण १७ अंशांवर येतो. आतला पत्रा ३-४ अंशांवर असतो. म्हणजे बाहेरच्या पत्र्याच्या फटीतून दोन पत्र्यांमधल्या ग्लासवूलमध्ये (उष्णता अडवणारी काचेची लोकर) शिरलेली वाफ आतल्या पत्र्याच्या पाठीमागे पाणी होऊन बसते. वूल भिजलं की ते उष्णता अडवत नाही, कंप्रेसर थांबायचं नाव घेत नाही आणि तळ आतून कुजतो. आतले सांधे चकाचक भरून बाहेरचे मोकळे सोडले तर त्या पाण्याची वाटच बंद होते. बरेच 'दुरुस्त' तळ असेच जातात.

म्हणून वाफ अडवायची ती उबदार बाजूला, म्हणजे बाहेरच्या पत्र्यावर. तिथे सिलिकॉन नको: ते पाणी अडवतं, पण रबरी पदार्थांत सगळ्यात जास्त वाफ त्यातूनच आरपार जाते. ब्युटाइल हे मऊ, चिकट रबर; सगळ्यात कमी वाफ जाऊ देणाऱ्यांत ते येतं. दोन पत्र्यांमध्ये ब्युटाइल टेप, वर स्क्रू किंवा रिव्हेट, आणि टेप कडेने किंचित बाहेर येईपर्यंत दाब. त्याआधी ओलं वूल काढून टाका. भिजलेल्या वूलवर सांधे बंद करणं म्हणजे पाणी कोंडणं.

सांधेजोड

वाफेचा मुद्दा मान्य, बाहेरच्या उभ्या सांध्यांना ब्युटाइल. पण ते कायम मऊ राहतं, त्याला ताकद नाही. मशीन ढकलताना सगळा पीळ तळाच्या चौकटीवर येतो. तिथे ब्युटाइल सरकतं. तळाला पॉलियुरेथेनच, हे मी सोडणार नाही.

पत्रेकाम

तळाच्या चौकटीपुरतं सहमत. कॉइलचे पाइप आणि वायर जिथून आत जातात, तिथे मात्र यातलं काहीच नको. न सुकणारी पुट्टी हाताने मळून दाबा, म्हणजे कूलिंग युनिट बाहेर काढताना ती बोटांनी निघते. युनिट ज्या कडेवर बसतं तिथे फोमची गॅस्केट पट्टी (दाबली गेली की फट बंद करणारी). ती कड सीलंटने चिकटवली तर पुढच्या माणसाला पत्रा कापावा लागतो.

नवा_पाना

वूल काढल्यावर पोकळीत डब्यातला फुगणारा फोम मारला तर चालेल का? आणि दाराचं गॅस्केट सैल आहे, मागे सिलिकॉन लावू का?

शीतकपाट

दोन्हीला नाही. डब्यातला फोम हवेतल्या ओलाव्यावर सुकतो. बंद पोकळीत आतला भाग चिकट राहतो आणि उशिरा फुगून पत्र्याला पोट आणतो. बंद पेशींच्या फोमचे कडक तक्ते मापाने कापून बसवा.

गॅस्केट चिकटवू नका. काढून गरम पाण्यात ठेवा, सरळ होऊ द्या, खोबणीत परत बसवा. दारात कागदाची पट्टी अडकवून ओढा. चारही कोपऱ्यांत ती अडखळत निघायला हवी. सहज निघाली तर आधी बिजागरी तपासा, मग नवं गॅस्केट.

पत्रेकाम

चालू करण्याआधी दोन चाचण्या करा. अंधारात आत दिवा ठेवून बाहेरून प्रकाश कुठे झिरपतो ते बघा. मग तळात रंगीत पाणी ओता: सगळं ड्रेनमधूनच गेलं पाहिजे, सांध्याखाली ठेवलेल्या कोऱ्या कागदावर डाग पडता कामा नये. ड्रेनचं भोक सीलंटने बुजलेलं नाही ना, आणि नळीच्या वळणात पाणी उभं राहतंय ना, हेही बघा. ते पाणी नसेल तर बाहेरची दमट हवा तिथूनच आत ओढली जाते.

सिलिकॉन दिवसाला साधारण २ ते ३ मिमी सुकतं, थंडीत त्याहून हळू. दार उघडं ठेवा, वास पूर्ण जाईपर्यंत मशीन लावू नका.