जुन्या कोर्टाच्या निकालात 'मिसचीफ' लिहिलंय, म्हणजे खोडीच की दुसरं काय?

खानापूर_भातवाला
नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या घराची कौलं उतरवताना माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची कागदपत्रं सापडली, त्यात एका फौजदारी केसच्या निकालाची इंग्रजी नक्कल हाय. मुंबई राज्यात होतो तेव्हाची, म्हणजे १९५६ च्या आधीची. फिर्यादी आमचे आजोबा. आरोपी शेजारच्या शेताचा मालक, त्यानं पोटरीला आलेल्या भातात मुद्दाम म्हशी सोडल्या असं दिसतंय. सबंध कागदात नुकसान, पीक, पंचनामा सगळं व्यवस्थित लिहिलंय पण गुन्ह्याचं नाव मात्र 'मिसचीफ', कलम ४२६. आता मिसचीफ म्हणजे शाळेत आम्हाला खोडी, खोडसाळपणा असंच शिकवलंय, आणि गावात पण आजवर हेच बोललं जातं की तुमचा म्हातारा खोडीपायी कोर्टात गेला, एवढ्याशा गोष्टीवरून भावकी तोडली. माझ्या वडलांना हे बोलणं आयुष्यभर लागलं. वर्षाचं भात गेलं तर त्याला खोडी कोण म्हणेल? मला ह्या कागदाचं मराठी करून भावंडांना द्यायचंय. एका टायपिंगवाल्याकडून करून घेतलं तर त्यानं पण 'खोडसाळपणाचा गुन्हा' असंच लिहून दिलं. तर ह्या शब्दाचा त्या काळी काय अर्थ होता आणि मराठीत काय लिहावं, जाणकारांनी सांगा.

बेळगाव_वकिली
दादा, टायपिंगवाल्याचं ते मराठी आधी बाजूला ठेवा. कोर्टातलं मिसचीफ आणि पोरांच्या खोड्या ह्याचा काही संबंध नाही. भारतीय दंड संहितेत कलम ४२५ मध्ये ह्याची व्याख्या होती: दुसऱ्याचं गैरवाजवी नुकसान व्हावं म्हणून, किंवा होणार हे ठाऊक असून, एखादी मालमत्ता नष्ट करणं किंवा तिच्यात असा बदल करणं की तिची किंमत नाहीतर उपयोग कमी होईल. कलम ४२६ ही त्याची साधी शिक्षा, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नुकसान पन्नास रुपये किंवा जास्त असेल तर कलम ४२७, तिथं दोन वर्षांपर्यंत. पन्नास रुपयांचा हा आकडा १८६० च्या कायद्यात होता आणि कायदा रद्द होईपर्यंत तसाच राहिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात हेच सगळं कलम ३२४ मध्ये हाय, साधी शिक्षा सहा महिन्यांपर्यंत केली आणि दोन वर्षांच्या शिक्षेसाठी आता नुकसान किमान वीस हजाराचं लागतं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. कलम ४२५ खाली कायद्यानंच उदाहरणं दिलेली होती, त्यातलं शेवटचं उदाहरण असं की अ नं ब च्या शेतात गुरं घातली, ब च्या पिकाचं नुकसान व्हावं हा हेतू आणि तसं होणार हे ठाऊक असताना, तर अ नं मिसचीफ केलं. म्हणजे तुमच्या आजोबांची केस पुस्तकातल्या उदाहरणावर तंतोतंत बसते, मॅजिस्ट्रेटला दुसरं काही लिहायचं कारणच नव्हतं. बाकीची उदाहरणं पण वाचण्यासारखी हायत. विमा उतरवलेलं जहाज मुद्दाम बुडवणं, दुसऱ्याची अंगठी नदीत फेकणं, आणि एक असं की कुणाच्या बर्फाच्या कोठारात पाणी सोडून बर्फ वितळवणं. आज हे उदाहरण विचित्र वाटेल पण मेकॉले ह्या इंग्रज साहेबाच्या कमिशननं १८३७ ला ह्याच दंड संहितेचा मसुदा केला त्या काळात बर्फ अमेरिकेहून जहाजानं कलकत्त्याला यायचा, तो वितळला म्हणजे मोठ्या पैशाचा माल गेला.

दंड संहितेच्या मराठी भाषांतरात मिसचीफला 'आगळीक' शब्द वापरलाय. तोच लिहा.

निपाणीची_बाई
मी इंग्रजी शिकवते, म्हणून शब्दाबद्दल सांगते, कारण हा शब्द मला फार आवडतो आणि शाळेत तो फारच हलका करून शिकवला जातो.

मिसचीफ आलाय जुन्या फ्रेंचमधून, तिथं त्याचे दोन तुकडे, मेस म्हणजे वाईट आणि शेफ म्हणजे डोकं किंवा शेवट, जो लॅटिन कापुट म्हणजे डोकं ह्याच्यापासून. म्हणजे वाईट शेवटाला जाणं. चीफ मिनिस्टरमधला चीफ, हॉटेलातला शेफ हे सगळे ह्याच घरातले. आणि अचीव्ह सुद्धा! अचीव्ह म्हणजे आपण ज्याला तडीस नेणं म्हणतो ते, आणि मिसचीफ म्हणजे तडीला न जाता मध्येच वाटोळं होणं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दिवसभर डोक्यातून गेलं नव्हतं.

इंग्रजीत तो साधारण १३०० च्या सुमाराला आला आणि पहिले अर्थ बघा: संकट, दैन्य, हलाखी, गरिबी. एखादा माणूस 'मिसचीफमध्ये' हाय म्हणजे तो खोड्या करतोय असं नाही, त्याच्यावर वाईट वेळ आलीय. त्यात कुणाचा दोष असावाच असंही नव्हतं. मग त्याच शतकात पुढं नुकसान, इजा, आणि ती करणाऱ्याचा दुष्टपणा असे अर्थ चिकटले. म्हणजे भोगणाऱ्याकडून शब्द करणाऱ्याकडं सरकला. खेळकर, मस्तीखोर हा अर्थ फार उशिराचा, अठराव्या शतकाच्या शेवटाकडचा. आणि कायदा लिहिणाऱ्यांनी जुना जड अर्थ धरून ठेवला, बाजारात शब्द हलका होत गेला तरी. म्हणून तुमच्या कागदात तो आजोबांच्या वेळेला पण पूर्ण वजनानिशी हाय.

कायद्याची पोरं 'मिसचीफ रूल' शिकतात तो पण ह्यातलाच. १५८४ च्या हेडनच्या खटल्यात इंग्लंडच्या न्यायाधीशांनी सांगितलं की कायद्याचा अर्थ लावताना आधी बघा जुन्या कायद्यात कुठली उणीव होती, कुठलं अनिष्ट होत होतं जे थांबवायला हा नवीन कायदा आला. त्या अनिष्टाला ते मिसचीफ म्हणतात. तिथं पण खोडी लावून बघा, अर्थच लागत नाही.

कॅम्पातला_जॉन
बाईंच्या म्हणण्याला माझ्याकडून एक भर. आमच्या घरी आजी जुनं इंग्रजी बायबल वाचायची, १६११ चं भाषांतर. त्यात याकोब धाकट्या बेन्यामीनला इजिप्तला पाठवायला तयार होत नाही तेव्हा म्हणतो की वाटेत ह्याला मिसचीफ झालं तर माझे पिकले केस तुम्ही दुःखानं कबरेत घालाल. एक मुलगा आधीच गेला असं समजून बसलेला बाप बोलतोय हे, तिथं शब्दाचा अर्थ घात, आपत्ती, जिवावर बेतणं. लहानपणी मला तो शब्द तिथं खटकायचा, आता कळलं.

यळ्ळूर_पाटील
लई चांगली चर्चा. वकीलसाहेब एक विचारतो, आमच्याकडं सुगीच्या टायमाला मोकाट गुरं येतात वई मोडून, मालक म्हणतो मला माहीतच नाही दावं कधी तुटलं, त्याला पण हेच कलम लागतं का? आणि बांधाचा दगड सरकवला तर?

बेळगाव_वकिली
पाटील, नुसती गुरं सुटून आली तर आगळीक नाही, हेतू किंवा जाणीव पाहिजेच. निष्काळजीपणा पुरत नाही. त्यासाठी वेगळा रस्ता हाय, कोंडवाड्याचा. १८७१ चा कॅटल ट्रेसपास ॲक्ट त्यासाठीच झाला, शेतकऱ्यानं गुरं धरायची आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात घालायची, मालक दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवून नेणार. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा पण वेगळा लावता येतो. पण तोच मालक रोज रात्री मुद्दाम दावं सोडतोय आणि ते दाखवणारा साक्षीदार असेल तर मग फौजदारी.

दगडाचं म्हणाल तर सरकारी मोजणीनं बसवलेला हद्दीचा दगड हलवणं ही स्वतंत्र आगळीक, जुनं कलम ४३४, एक वर्षापर्यंत. शेतीचं पाणी मुद्दाम कमी पाडणं त्याहून मोठं, जुनं ४३०, पाच वर्षांपर्यंत. पीक, पाणी, बांध, शेतकऱ्याचं जगणं ज्याच्यावर चालतं ते सगळं ह्या एका शब्दाखाली घेतलंय बघा, म्हणून मला पण त्याला खोडी म्हटलेलं सहन होत नाही.

खानापूर_भातवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुमचं ते संकट आणि हलाखीचं वाचून वडलांना फोन करून वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले त्या साली उसनं भात आणून खाल्लं होतं.

मराठीत 'आगळीक' लिहितो. फक्त एक शंका, भावंडांना आगळीक म्हटलं तर पेपरातली सीमेवरची आगळीक आठवणार, पिकाचं नुकसान नाही. 'मालमत्तेचं हेतुपूर्वक नुकसान (आगळीक)' असं लिहिलं तर चालेल का? आणि निकालाच्या शेवटी दंडाच्या रकमेबद्दल कलम ५४५ असं काहीतरी लिहून फिर्यादीचं नाव आलंय, ते काय असेल?

बेळगाव_वकिली
चालेल की, उत्तम. आधी अर्थ आणि मग कायद्याचा शब्द, वाचणाऱ्याला दोन्ही मिळतं. सोबत कलम ४२५ चं गुरांचं उदाहरण पण खाली उतरवून ठेवा.

कलम ५४५ म्हणजे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं. आरोपीकडून वसूल झालेल्या दंडातून ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई देण्याचा हुकूम कोर्ट त्याखाली करू शकत होतं. नंतर १९७३ च्या संहितेत तेच ३५७ झालं आणि आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३९५. त्या ओळीत आजोबांचं नाव असेल तर दंडातला काही भाग भरपाई म्हणून त्यांना द्यायला सांगितलेला असणार. ती ओळ मराठी करताना गाळू नका. कागद विरत आला असेल तर आधी चांगला स्कॅन करून घ्या, आणि नक्कलेवरचा केस नंबर नीट वाचता येतोय का ते बघा, रेकॉर्ड रूममध्ये विचारायचं झालं तर तोच लागेल.