शब्दचर्चा: 'सामुदायिक' की 'सामूहिक'? आणि 'उपयोजित' म्हणजे नेमके काय?

विचारणा

एका मानसशास्त्र विभागाच्या कामाचा परिचय मराठीत लिहिते आहे. तिथली फॅकल्टी कम्युनिटी मेंटल हेल्थ सर्व्हिसेसवर अप्लाइड रिसर्च करते. यातल्या फॅकल्टीला 'विद्याशाखा' म्हणू का? कम्युनिटीसाठी सामूहिक, सामाजिक, सामुदायिक असे तिन्ही शब्द वापरलेले दिसतात. अप्लाइडसाठी कुणी 'उपयुक्त' लिहिते, कुणी 'व्यावहारिक'. जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

फॅकल्टीचे लगेच सांगता येते. विद्याशाखा म्हणजे अधिष्ठात्यांच्या अखत्यारीतला विषयसमूह. तुम्हाला माणसे म्हणायची आहेत, तेव्हा 'अध्यापकवर्ग' किंवा सरळ 'प्राध्यापक' लिहा.

'सामूहिक' मात्र नको. सामूहिक विवाह, सामूहिक प्रार्थना, सामूहिक राजीनामे: पुष्कळ जणांनी एकाच वेळी केलेली गोष्ट ती सामूहिक. 'सामूहिक मानसिक आरोग्य सेवा' वाचून दहा जणांना एकत्र बसवून केलेला उपचार डोळ्यांपुढे येतो, आणि त्याला 'गटोपचार' हा शब्द आहेच. 'सामाजिक'ची अडचण वेगळी. मराठीत 'आमचा समाज' म्हटले की बहुतेकदा जात कळते.

'सामुदायिक' बरोबर, कारण इथे प्रश्न सेवा कुठे मिळते याचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानसिक आजारावरची सेवा बऱ्याच देशांत मुख्यतः मोठ्या मनोरुग्णालयांतून मिळे. अमेरिकेत 1963च्या कायद्याने सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांसाठी केंद्र सरकारचा निधी आला. इटलीने 1978च्या 180 क्रमांकाच्या कायद्याने मनोरुग्णालये टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली. माणूस राहतो, काम करतो तिथेच आधार मिळावा, हा आशय 'सामुदायिक'मध्ये आहे.

प्रतिसाद

वरच्या म्हणण्याशी सहमत. 'उपयोजित'बद्दल मात्र थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण शब्द बरोबर निवडूनही त्याचा अर्थ उणा घेतला जातो.

'उपयुक्त' हा निकाल आहे, प्रकार नव्हे. एक संशोधन उपयुक्त म्हटले की बाकीचे निरुपयोगी ठरते. 'व्यावहारिक'ला तडजोडीचा वास येतो. उपयोजित गणित, उपयोजित कला हे शब्द रुळलेले आहेत, तेव्हा 'उपयोजित संशोधन'च लिहा. पण त्यावरून 'विभागात तयार झालेला सिद्धान्त लोकांवर लावून पाहणे' असा अर्थ कुणी काढू नये. या क्षेत्रात प्रश्नच मुळी सेवेतून येतो.

जॉर्ज फेअरवेदर यांचे काम बघा. ते मानसशास्त्रज्ञ. रुग्णालयातल्या रुग्णांनी छोट्या गटांत एकमेकांच्या मदतीने निर्णय घ्यावेत, अशी पद्धत त्यांनी बसवली. वॉर्डात फरक दिसला, पण घरी गेलेले बरेच जण पुन्हा दाखल होत राहिले. मग 1960च्या दशकात त्यांनी असा गटच्या गट बाहेर एका निवासात राहायला नेला. तिथल्या लोकांनी साफसफाईच्या कामांचा व्यवसाय चालवला, घरही स्वतः सांभाळले. नेहमीची सेवा मिळालेल्यांशी तुलना केली, तेव्हा निवासातले लोक रुग्णालयाबाहेर जास्त काळ राहिले आणि कामावरही जास्त टिकले.

याच्या पुढची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. एवढे सिद्ध होऊनही रुग्णालये ही पद्धत आपणहून उचलेनात. तेव्हा फेअरवेदर आणि सहकाऱ्यांनी त्याचाच प्रयोग केला: 255 रुग्णालयांशी वेगवेगळ्या मार्गांनी संपर्क साधून, कशाने संस्था बदलतात हे तपासले. नुसत्या लेखी माहितीने फारसे काही हलत नाही, संस्थेच्या आत चिकाटीने पाठपुरावा करणारा गट लागतो, हे त्यातून पुढे आले. सेवा का रुजत नाही हाही उपयोजित संशोधनाचाच विषय आहे, आणि परिचयात तो भाग गाळू नका अशी कळकळीची विनंती.

विचारणाऱ्यांकडून

फार उपयोग झाला. आता वाक्य असे लिहिते: 'विभागातील प्राध्यापक सामुदायिक मानसिक आरोग्य सेवांविषयी उपयोजित संशोधन करतात.' सेवा घेणाऱ्यांना 'रुग्ण' म्हणावे की 'लाभार्थी'?

प्रतिसाद

'सेवांवर'चे 'सेवांविषयी' केलेत, छान. 'लाभार्थी' टाळा, त्यात देणाऱ्याचा हात वर राहतो. दवाखान्यातल्या उपचाराबद्दल लिहिताना 'रुग्ण' चालेल. एरवी 'सेवार्थी' म्हणा. समुपदेशन आणि समाजकार्यात तो रुळला आहे. मात्र जिथे लोक स्वतःच सेवा चालवतात, तिथे तोही अपुरा पडतो. न्यूयॉर्कमध्ये 1948 साली सुरू झालेल्या फाउंटन हाउस या मानसिक आजार असलेल्यांच्या केंद्रात आणि त्या धर्तीवरच्या क्लबहाउसांत येणाऱ्यांना 'सदस्य' म्हणतात, कारण रोजचे काम ते कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने करतात. तुमच्या परिचयात असा प्रकल्प असेल, तर तिथे 'सदस्य'च लिहा.