आन्ना गेर्मान नक्की कुठली? पोलिश की रशियन?

सांजधून:
सध्या हिच्या आवाजाने पार वेड लावलंय. यूट्यूबवर 'नादेझ्दा' लागलं आणि तेव्हापासून दुसरं काही ऐकवतच नाहीये. पण गोंधळ असा की गाणं रशियन, खालच्या कमेंट्स सगळ्या रशियनमध्ये आणि माहितीत बघावं तर पोलिश गायिका! त्यात कुणीतरी लिहिलंय की इटलीत मोठा अ‍ॅक्सिडेंट झाला १९६७ ला आणि करिअर संपलं, पण हे गाणं तर सत्तरच्या दशकातलं आहे ना? कुणी नीट सांगेल का? आणि पोलिशमधलं आधी काय ऐकू?

रेकॉर्डवेडा:
गायिका पोलिशच, पण जन्म १९३६ चा उर्गेंचचा, म्हणजे आताचं उझबेकिस्तान, तेव्हाचं सोव्हिएत. वडिलांना स्टालिनच्या काळात अटक झाली आणि गोळ्या घातल्या, ही तेव्हा दोनेक वर्षांची. आईने नंतर एका पोलिश सैनिकाशी लग्न केलं, तोही युद्धात मारला गेला, पण त्याच्यामुळेच १९४६ ला आई, आजी आणि ही अशा तिघी पोलंडला येऊ शकल्या. त्यामुळे रशियन तिची लहानपणापासूनची भाषा, पोलिश नंतर आली. रशियन गाणी ऐकताना परकेपणा जाणवत नाही तो म्हणूनच.

पुढे व्रोत्स्वाफला चक्क भूगर्भशास्त्र शिकली, डिग्री पूर्ण केली, गाणं सोबत चालूच होतं. १९६४ ला ओपोलेच्या पोलिश गाण्यांच्या फेस्टिव्हलमध्ये 'तान्चॉन्त्से एउरिदिकी' गायली आणि तिथून नाव झालं, त्याच वर्षी सोपोतच्या गाण्यांच्या फेस्टिव्हललाही बक्षीस. १९६७ ला थेट इटलीत सान रेमो या गाण्यांच्या फेस्टिव्हलच्या स्टेजवर. पूर्व युरोपातली बाई त्या काळात तिथे गातेय हीच केवढी मोठी गोष्ट!

निळाई:
करिअर संपलं हे साफ चूक आहे, आणि हे वाचलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण तिचं सगळ्यात चांगलं काम त्यानंतरचंच आहे.

ऑगस्ट १९६७, रात्रीचा प्रवास, मिलानकडे जाताना गाडी चालवणाऱ्याला डुलकी लागली. ही गाडीबाहेर फेकली गेली. कित्येक हाडं मोडली, बरेच दिवस शुद्ध नाही, मग महिनोन्‌महिने प्लॅस्टरमध्ये जखडलेली, पुन्हा चालायला शिकायला लागलं. आणि या पडून राहण्याच्या काळात तिने काय केलं, तर चाली बांधल्या! 'च्वोव्येची लोस' ची चाल तिची स्वतःची आहे. म्हणजे माणसाचं नशीब, यावर बोलणारं गाणं आणि त्यात कुठेही रडारड नाही. इटलीच्या दिवसांवर पुस्तक लिहिलं तेही १९७० ला आलं. त्याच वर्षी वॉर्सात परत स्टेजवर उभी राहिली. तेव्हा अपघाताच्या पलीकडेही तिला ऐका, एवढीच विनंती.

रेकॉर्डवेडा:
@निळाई अगदी. 'नादेझ्दा' हे सोव्हिएत संगीतकार पाख्मुतोवांचं गाणं, बऱ्याच जणांनी गायलंय, पण बाकीचे ध्रुवपदाला जोर लावतात आणि ही तिथेच आवाज हलका करते, शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तसं. मला तरी तेच व्हर्जन खरं वाटतं.

पूर्वरंग:
कमेंट्स रशियनमध्ये का याचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून लिहितो. पोलंडमध्ये साठच्या दशकात बिग-बीटची हवा होती, गिटारवाले ग्रुप्स, तरुण पोरं तिकडे वळली, आणि हिची संथ, लांब स्वरांची गाणी त्यांना जुनाट वाटायची. उलट सोव्हिएत युनियनमध्ये मेलोडिया या सरकारी कंपनीच्या रेकॉर्ड्स, रेडिओ, दौरे, सगळीकडे प्रचंड प्रेम. तिकडच्या खगोलशास्त्रज्ञांनी तर १९७५ मध्ये सापडलेल्या एका लघुग्रहाला तिचं नाव दिलंय, २५१९ आन्नागेर्मान.

पोलंडला ती परत आठवली ती खूप उशिरा. २०१२ ला रशियन टीव्हीवर तिच्या आयुष्यावर सिरीयल आली, मुख्य भूमिकेत योआना मोरो ही पोलिश अभिनेत्रीच, पुढच्या वर्षी ती पोलिश टीव्हीवर लागली आणि तुफान चालली. दुकानांत परत तिच्या सीड्या दिसायला लागल्या. बाकी पोलंडमधल्या झिएलोना गूरा शहरात तिच्या नावाचं अँफिथिएटर आहे.

सांजधून:
बापरे, एवढं काही माहितीच नव्हतं, मनापासून थँक्स सगळ्यांना. म्हणजे अपघातानंतरही बरीच वर्षं गायली तर. आवाजात फरक पडला का पण?

निळाई:
माझ्या कानाला पडला. आधीच्या गाण्यांत एक लखलखीत चपळाई आहे, वरचे स्वर सहज उडवते. नंतर ती जागा शांतपणाने घेतली, कमी स्वरांत जास्त बोलते. १९८२ ला वॉर्सात कॅन्सरने गेली, फक्त ४६ वर्षांची, पण शेवटच्या काही वर्षांतल्या रेकॉर्डिंग्जमध्येही आवाज थकलेला वाटत नाही.

तुम्ही आधी 'एउरिदिकी' ऐका, मग 'च्वोव्येची लोस', शक्यतो लागोपाठ, फरक लगेच कळेल. त्यानंतर १९७७ चं रशियन 'एखो ल्युब्वी'. हेडफोन लावूनच, मोबाईलच्या स्पीकरवर नको.