पुनर्जन्माची लव्हस्टोरी लिहितेय, पण या जन्मातलं प्रेम कच्चं राहतंय

दादरची_वाचक:
नमस्कार मंडळी. वर्षभर लोकलमध्ये मोबाईलवर थोडं थोडं टाईप करत एक ऐतिहासिक कादंबरी लिहितेय. १७३९ सालचा वसईचा वेढा, तो चिमाजी अप्पांच्या फौजेत सुरुंग खणणारा, ती किल्ल्यातल्या ख्रिस्ती घरातली, वेढ्याच्या आधी बाजारात ओळख झालेली, मग तटाला सुरुंग लागतो आणि ताटातूट. आता या जन्मी तो मुंबईत मेट्रोच्या बोगद्यावर इंजिनिअर आणि ती वसईचीच. जुना काळ लिहिताना हात थांबत नाही पण आत्ताचं आलं की सगळं पाणचट होतं. तिसऱ्या प्रकरणात दोघांना एकच स्वप्न पडतं, 'तूच ती' आणि झालं प्रेम. मैत्रीण वाचून म्हणाली, ही दोघं प्रेमात आहेत कारण तू तसं लिहिलंयस म्हणून. ते फार लागलं कारण खरंच आहे. काय करू?

संस्कृतवाले_सर:
ताई, स्वप्न काढून टाका. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंत शापामुळे शकुंतलेला साफ विसरलाय, आतून गाणं ऐकू येतं आणि उगाच जीव कासावीस होतो, तेव्हा तो म्हणतो की सुंदर काही बघून, गोड काही ऐकून सुखातला माणूसही हुरहुरतो, कारण 'तच्चेतसा स्मरति नूनमबोधपूर्वं भावस्थिराणि जननान्तरसौहृदानि', म्हणजे मनात खोल रुजलेली जन्मांतरीची प्रेमं त्याला नकळत आठवत असतात. यातला 'अबोधपूर्वं' हा शब्द धरून ठेवा. मनाला आठवतंय पण माणसाला कळत नाहीये. तुमच्या दोघांना तिसऱ्याच प्रकरणात सगळं कळतं, मग वाचकाला हुरहूर कशाची लागणार?

आणि आपण ज्याला कादंबरी म्हणतो तो शब्दच बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून आलाय, सातव्या शतकातली जन्मोजन्मीच्या प्रेमाचीच गोष्ट. त्यात महाश्वेता अच्छोद सरोवराकाठी मेलेल्या प्रियकराची, पुंडरीकाची वाट बघत बसलीये आणि तोच वैशंपायन म्हणून जन्म घेऊन समोर येतो, का ते त्याला स्वतःलाच कळत नाही पण तिच्याच मागे लागतो. तिला ओळख पटत नाही. ती शाप देते, तो पोपट होतो! जिची वाट पाहणं हेच आयुष्य झालंय तिच्याकडूनच हे घडतं. मी शिकवताना दर वेळी इथे थांबतो.

मालाड_वेस्ट:
सरांनी सांगितलं ते मला फार पटलं. 'मागच्या जन्मी माझी होतीस' हे वाक्य आजची मुलगी ऐकते तेव्हा तिला आधी भीती वाटते, प्रेम नंतरची गोष्ट. माझी आई अजून वडाला फेऱ्या मारते, सात जन्म हाच नवरा, पण ते मागणं तिचं स्वतःचं आहे, कुणी येऊन तिला आठवण करून दिलेली नाही. नायिकेला नाही म्हणायची पूर्ण मोकळीक ठेवा आणि एकदा तिला खरंच नाही म्हणू द्या.

वसईकर:
मी वसईचा, ख्रिस्ती. आमच्या श्रद्धेत पुनर्जन्म नाही, जन्म एकच, मग पुनरुत्थान. म्हणजे तिला ती हुरहूर लागली तरी तिच्याकडे त्याला नावच नसणार, आणि दर रविवारी मिस्साला जाणाऱ्या आईला ती काय सांगणार? तो मात्र लहानपणापासून सात जन्म ऐकत आलेला, त्याला सगळं सोपं. तुमचं खरं भांडण इथे आहे, ते स्वप्नात उडवून लावू नका प्लीज. आमच्या घरातली मुलगी दोन पानांत पुनर्जन्म मानायला लागली तर मी पुस्तक बंद करीन.

संस्कृतवाले_सर:
वसईकर, अगदी बरोबर. ताई, अजून एक सुचलं. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेऊन देवळांत टांगल्या. वाईजवळ मेणवलीला अशीच एक आहे, तिच्यावर १७०७ साल आहे. म्हणजे वेढ्याच्या वेळी ती बत्तीस वर्षांची. तुमच्या नायिकेनं मागच्या जन्मी ती लहानपणापासून ऐकलेली असू शकते.

दादरची_वाचक:
सर, हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे ती ऑफिसच्या ग्रुपबरोबर सहज मेणवलीला जाते, देवळात घंटा वाजते आणि तिला रडू येतं, का ते तिला कळत नाही, आणि तो तिथे नसतोच. तिसरं प्रकरण आत्ताच डिलीट केलं. वसईकर, तुमच्याकडे घरात आईला हाक कशी मारतात, आणि मिस्साहून आल्यावर रविवारी जेवायला काय असतं? तिचं घर आता तिथूनच सुरू करते.