मदत हवी आहे: गृहलक्ष्मीचे पैसे जूनच्या फीपर्यंत कसे टिकवायचे?

निपाणी-चिकोडी भागातल्या घरांसाठी विचारतोय. मुलगी दहावीत, पुढच्या जूनमध्ये पीयूसीची (अकरावीची) फी एकरकमी लागणार. हातात दोनच गोष्टी: उसाचं बिल आणि कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २००० रुपये. कायद्यानं बिल १४ दिवसांत मिळायला हवं, पण तसं होतंच असं नाही. गृहलक्ष्मीचंही तेच, पासबुकात दोन महिने कोरे, मग एकदम ४००० जमा.

पोस्टाची आरडी (दरमहा ठरलेला हप्ता भरायची ठेव) इथं बसत नाही. मुदत ५ वर्षं, ३ वर्षांआधी मोडता येत नाही. खातं १५ तारखेच्या आत उघडलं असेल तर हप्ताही दर महिन्याच्या १५ च्या आत; चुकला की शंभराला १ रुपया दंड. चार हप्त्यांच्या वर थकले तर खातंच बंद पडतं. बँकेची १२ महिन्यांची आरडी जवळची, पण हप्त्याची तारीख तिथंही आहेच. भिशी मी सुचवणार नाही, फीच्या पैशाला तो धोका नको.

उरते पतसंस्थेची (सोसायटीची) पिग्मी, म्हणजे रोज थोडी रक्कम भरायची ठेव: रोज ५० प्रमाणे वर्षाला १८,२५०. एखादा दिवस चुकला तरी चालतं, मात्र मुदतीआधी मोडली की कमिशन कापतात.

जाणकारांनी सांगावं: तुमच्याकडे किती कापतात, किती महिन्यांनंतर कापत नाहीत? आणि पैसे येतील तसे भरता येणारी एक वर्षाची ठेव कुठल्या बँकेत आहे का?